सोन्याखालचं तांबं

सातपूर, नाशिक
१८ सप्टेंबर २००५

प्रिय नाथा,

आधी सगळ्यांची चौकशी, मग बाकीचं. अक्काबाईंचे गुडघे कसे आहेत? दिवाळीत पाठवलेलं तेल लावतात, की कोनाड्यात ठेवून रोज नुसतं बघतात? लंकावहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं कळलं. त्यांना म्हणावं, आता भाकरी करपली तर डोळ्यांवर ढकलता यायचं नाही. हिरामणचा खोकला थांबला का? आणि तुझं ते पोट, वांगं बघितलं तरी रुसणारं, ते कसंय? आमच्याकडे सगळं ठीक. सिंधूची साखर ताब्यात आहे. माझी जीभ काही ताब्यात नाही, पण ती तुला माहीतच आहे.

कारखाना चाललाय. कारखाना म्हणजे तेच पत्र्याचं शेड आणि त्याच चार टाक्या. नळाच्या तोट्या येतात, देवांचे मुकुट येतात, मोटारसायकलचे सायलेन्सर येतात. आमचा बाप तांबट आळीत हंडे ठोकून बहिरा झाला आणि मी मुलामा चढवून पोट भरतो, याचं मला अजून नवल वाटतं. शाळा सातवीत सुटलेली. कुणीतरी रद्दीत टाकलेलं मुलाम्याचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचो. आपण एका खोलीवर राहायचो तेव्हा. आठवतं ना, "वाल्मीक, कॉलेजात मी जातो आणि परीक्षा तू देतोस का?" म्हणून चिडवायचास. त्या पुस्तकातून मी एकच गोष्ट नीट शिकलो बघ. सोनं लोखंडावर बसत नाही. लोखंडाला आधी तांब्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर निकल, आणि मग सोनं. सोनं दिसतं, पण धरून ठेवतात ते खालचे दोघं. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो.

वेणीमाधवराव, ते बंदूकवाले, अजून येतात. वय झालंय, पण बंदूक स्वतः खोलतात, पितळी डब्यात भाग आणतात आणि काम होईपर्यंत स्टुलावरून हलत नाहीत. कायदा म्हणून, आणि माझ्यावर भरवसा नाही म्हणून. परवा एका दोननळीच्या नळ्यांना त्यांनी जुन्या पद्धतीची निळीकाळी झाक दिली. मुद्दाम गंज चढू द्यायचा, उकळत्या पाण्यात घालायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, परत गंज. असं सात-आठ वेळा. शेवटी तोच गंज नळीला सांभाळतो. मी म्हटलं, "रावसाहेब, तुमचं बरं आहे, गंजच विकता." तर म्हणाले, "तू चमक विकतोस. बघू कोण जास्त टिकतं." मी हसलो, पण ते बोलणं मला लागलं. का, ते सांगतो.

मागच्या रविवारी तुझी आशा नाशिक रोडहून मुलाला घेऊन आली होती. सिंधूने पुरणपोळ्या केल्या. पोरगी बँकेत साहेब झाली तरी ताट स्वतः घासून ठेवते. घासता घासता सहज म्हणाली, "काका, अक्काआजी दसऱ्याला बंदुकीच्या पूजेला येतच नाही. आरती सुरू झाली की मागच्या अंगणात जाऊन बसते. म्हणते, नवऱ्याच्या बंदुकीचं सोनं ह्या हातांनी घालवलं, आता ते हात पूजेला नकोत." नऊ वर्षं झाली म्हणे. देवाची भांडीसुद्धा आता लंकावहिनी घासतात. नाथा, तू मला हे कधी बोलला नाहीस. मीही कधी विचारलं नाही.

त्या बंदुकीचं मला सगळं आठवतं. तुझ्या वडिलांची एकनळी, डोंगराकडून येणाऱ्या डुकरांसाठी घेतलेली. ते गेल्यावर परवाना तुझ्या नावावर झाला आणि पंचाण्णवच्या दसऱ्याला ती मारुतीच्या पारावर सगळ्यांत उठून दिसली पाहिजे, असं तुझ्या मनाने घेतलं. तुला अख्खी सोन्याची हवी होती. वेणीमाधवराव म्हणाले, "मग चोर आधी बंदूकच नेईल." शेवटी नळी काळीच ठेवायची आणि घोडा, चापाभोवतीची कडी आणि बाजूच्या दोन पट्ट्या सोन्याच्या करायच्या, असं ठरलं. परवान्यात लिहिलेला बंदुकीवरचा नंबर बफिंगच्या घासण्यात जाऊ नये म्हणून मी त्यावर लाख लावली होती. इतका जपून होतो. दसऱ्याला दोन दिवस होते आणि सातपूरची वीज गेली. आली ती आदल्या दिवशी दुपारी. वेणीमाधवराव नेमके लग्नाला धुळ्याला गेले होते, भाग त्यांच्या भाच्याच्या स्वाधीन करून. तू तीनदा फोन केलास. चार वाजता काम तयार होतं. तू न्यायला आलास आणि मला मिठी मारलीस.

पुढच्या दसऱ्याला मी पाहुणा म्हणून तुमच्या नामपूरला आलो. पारावर बंदूक मांडली आणि गुरुजींनी ओल्या फडक्याने पुसली, तर सोन्याचे पापुद्रे फडक्याला चिकटले. खाली तांबूस डाग. कुणीतरी ओरडलं, "नाथाचं सोनं फडकं घेऊन चाललं!" सगळे हसले. तुझं तोंड उतरलं. तेवढ्यात अक्काबाई म्हणाल्या की सकाळी देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून त्यांनीच ती लख्ख घासली. मालकांची बंदूक, देवासारखीच ना. आणि मी, नाथा, सगळ्या गावासमोर हात झटकून म्हणालो, "चिंच लावली? मग कसं टिकेल!" तू त्यांच्यावर ओरडलास, "माय, तुले कोनी सांगेल व्हतं!" त्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाल्या, "मना हातमा काय तेजाब शे का?" लोक आणखी हसले. मीही हसलो.

म्हणून हे पत्र. नाथा, त्या दिवशी दुपारी वीज आली तेव्हा हातात तीन तास होते. तांब्याला आणि निकलला वेळ लागतो, सोन्याला मिनिटं पुरतात. 'वाल्मीक वेळेला चुकला' हे मला ऐकायचं नव्हतं. स्टुलावर वेणीमाधवरावही नव्हते. मी खालचे दोन्ही थर गाळले आणि लोखंडावर सरळ सोनं चढवलं. आधी लोखंड गंजलं आणि सोनं सुटलं. अक्काबाईंची चिंच फक्त निमित्त झाली. मला हे पारावर पहिला पापुद्रा निघाला तेव्हाच कळलं होतं, तरी खात्री करायला घरी आल्यावर लोखंडाच्या दोन पट्ट्यांवर सोनं चढवलं, एक तांब्या-निकलवर, एक तशीच, आणि दोन्ही महिनाभर चिंच-राखेने घासल्या. पहिली जरा फिकी झाली, दुसरी सोलून निघाली. त्या पट्ट्या मी नऊ वर्षं टेबलाच्या खणात ठेवल्या. आता आशाबरोबर पाठवल्यात. हे पत्र अक्काबाईंना मोठ्याने वाचून दाखव, आणि पट्ट्या त्यांच्याच हातात दे. मी बोललो पारावर, तेव्हा ते परत घ्यायचं तेही पारावरच. ह्या दसऱ्याला येऊन सगळ्यांसमोर सांगायची माझी तयारी आहे, आणि बंदूक वेणीमाधवरावांमार्फत रीतसर मागवून सगळे थर देऊन नीट करायचीही. पण आधी त्यांना विचार. वाल्मीकने यावं असं त्या म्हणाल्या तरच येईन. नको म्हणाल्या तर तेही मला कळव, त्यांच्याच शब्दांत. दसऱ्याला चोवीस दिवस आहेत. पत्र मिळाल्या दिवशीच उत्तर टाक, उशीर करू नको.

तुझाच,
वाल्मीक