जावयाच्या हातातला पाना

अण्णा, लग्न होऊन गेलेल्या आम्हा मुलींची एक तक्रार आहे आणि ती मी आजवर एकाही सभेत मांडलेली नाही. बाप आम्हाला शाळा देतो, पुस्तकं देतो, माइकसमोर उभं राहायची छाती देतो. हत्यार मात्र जावयाला देतो!

खंडेनवमीची सकाळ. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून जुन्या बुलेटचा क्लच तुम्ही आधीच लावायला घेता. ओवे गावातल्या आपल्या अंगणात मी पान्यासाठी हात पुढे करते. "बाय, ह्यं भाषण नाय. तू चाय टाक," तुम्ही म्हणता. "जावयबापू, घ्या पाना." मग त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगता. विमानतळाच्या जमिनींवर बोलून मी पनवेलचं मैदान हलवलं, पण तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला चुलीपाशी ऐकू आलं नाही. त्या कानाचा मी अजून मत्सर करते.

तुम्ही गेल्यापासून माझा नवरा दरवर्षी क्लचची तार तुमच्यासारखीच ताणतो. लिव्हरला जराही ढील नाही. देवाचं केल्यासारखं करतो. यंदा कोन गावच्या पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडलं, गाडी पुढे जाईना. "क्लचच्या प्लेटा गेल्या," तो म्हणाला. मागे बसल्याबसल्या मला कळलं, तार इतकी ताणलेली की क्लच कायम अर्धा दाबलेलाच. शेवटच्या वर्षांत संधिवाताने तुमची बोटं वळत नव्हती. जरा दाबताच क्लच सुटावा म्हणून तुम्ही तार ताणली होती. त्या दुखण्याचं त्याने शास्त्र केलं. ओव्याला आले की तुमच्या बोटांना तेल मी चोळायचे, तो नव्हे.

घरी येऊन मी पाना घेतला.

"अगं, राहू दे. अण्णांनी मला शिकवलंय."

"मग पुलावर काय शिकलेलं दाखवत होतास?"

"बाईसाहेब, सभा नाही ही!"

मी नट सैल केला, लिव्हरला नाण्याच्या जाडीएवढा ढील दिला. तोच चढ गाडी सरळ चढली. टाकीवर थाप मारून तो म्हणाला, "आता कशी अण्णांची गाडी वाटते! पण तुला कसं कळलं गं?"

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बोटंही त्याची झाली असती. चार लोकांत तोच त्या बोटांची गोष्ट सांगत बसला असता.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, म्हणून लिहिते. तुम्ही त्याच्या स्वप्नात येता म्हणे. माझ्या कधी आला नाहीत. जा त्याच्याकडे, खुशाल जा. पण अण्णा, बोटांचं त्याला सांगू नका.