घरच्या माणसाची हाक

रविवार, २ डिसेंबर १९२८
अखेर रेवदंड्याला पोचलो! जुन्या फिरंगी शहराचा नकाशा करायचाय: तट, चर्च, बंदर, गल्ल्या, सगळं. एवढ्या मोठ्या शहराच्या आता पडक्या भिंती आणि नारळी-पोफळीच काय त्या उरल्यात. तंबू कोटाच्या आतच, मनोऱ्याखाली ठोकला. वेशीपासून मोजून एकशेवीस पावलं. जागा झकास. पुढच्या रविवारी काशी आणि गोदू येतील. चार वर्षांच्या पोरीला समुद्र दाखवायचा आहे.

३ डिसेंबर
संध्याकाळी गंमत पाहिली. काम सुटलं तरी गडी वेशीबाहेर पाऊल टाकीनात. बाहेरून कुणाची आई, कुणाची बहीण नाव घेऊन हाक मारते. आतला 'ओ' देतो, मगच निघतो. मोजणीची साखळी धरणारा भागोजी म्हणाला, "घरच्या मानसाची हाक न्हाय, तर कोट सोडत न्हाय, सायेब." मी म्हटलं, मला इथेच राहायचंय, कोटाने खुशाल धरून ठेवावं. भागोजीने कानांवर हात ठेवले. उगाच बोललो.

५ डिसेंबर
वेस आज एकशेऐंशी पावलं भरली. भागोजीवर तोंड टाकलं, पण साखळी बरोबर आहे. नकाशात एक गल्लीही जास्त निघाली. तिथल्या घरांना छपरं आहेत.

७ डिसेंबर
सकाळपासून चालतोय. वेस समोर दिसते, पोचत नाही. भागोजीने बाहेरून "दत्तात्रेय!" अशी नावाने हाक मारली. उपयोग शून्य, तो घरचा नाही. त्या गल्लीत कुणीतरी 'ओ' म्हणून पाहतंय. आवाज माझा आहे.

८ डिसेंबर
उद्या काशी येईल. पण ती माझं नाव घेत नाही. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईने शिकवलंय. सहा वर्षांत एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. काशी, एकदाच घे गं. मला घरी यायचंय —

९ डिसेंबर, दुपार
आल्या! ओरडतो, पण घशातून आवाज फुटत नाही. काशी "अहो, अहो" करते. अहो नको! भागोजी तिच्या पाया पडतोय. ती रडते, मान हलवते —

पदर घेतला डोक्यावर. उखाणा घेतेय! "खाडीच्या तोंडाशी लागली होडी, दत्तात्रेयांच्या नावाची मला गोडी —"

'ओ' —

मी नाही दिली. मागून — माझ्या आवाजात — तो माझ्या अंगावरून पुढे गेला. माझीच टोपी. एकशेवीस पावलांत वेशीबाहेर. काशी हसतेय. गोदू त्याच्याकडे धावत —

गोदू, नको! त्याचा हात धरू —