समोरच्यांची शिडी

माझ्या कारभारणीस, तुझ्या दूरदेशीच्या सुताराचा मनापासून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. संध्याकाळी पाय जरा सुजतात, पण त्याचं काही मनावर घेऊ नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो? तेल लावतेस ना?

इथं लढाईतून पळून आलेल्या कुटुंबांना मी सुतारकाम शिकवतो. गल्लीतल्या लोकांशी त्यांची ओळख व्हावी म्हणून आम्ही घरोघरच्या मोडक्या खुर्च्या फुकट नीट करून दिल्या. लोक खुर्ची घेत, मान हलवत आणि दार लावून घेत. थकलो गं. यांना इथं कुणी आपलं म्हणेना, आणि यांना असं टाकून माझा पाय निघेना.

काल आमच्या कारखान्याचं छत गळायला लागलं. शिडी नव्हती. माझ्याकडे शिकणाऱ्यांतली एक बाई तडक समोरच्या खडूस म्हाताऱ्याकडे मागायला गेली. मला वाटलं, आता हा अंगावर येणार. तर तो स्वतःच शिडी खांद्यावर घेऊन आला!

आम्ही ती भिंतीला लावली, तसा तो खेकसला, "अशी लावतात होय? पडून मराल!"

"मग आजोबा, धरा की नीट!" बाई वरून म्हणाली.

दुपारभर धरून उभा होता, बडबडत.

आम्ही नुसतं देत सुटलो होतो. मागायचं सुचलंच नव्हतं.

आज तो न बोलावता आला आणि माझ्याच रंध्याला नावं ठेवायला लागला. यांना आपलं म्हणणारा एक तरी मिळाला. आता माझ्यावाचून इथलं काही अडणार नाही. लेकाला सांग, माझं परतीचं तिकीट काढ म्हणावं.

दमलेला, पण तुझाच,
घरधनी