मुळाकडून टोकाकडे

११ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, दाजींना नमस्कार. आईला माझा नमस्कार सांगायचा की नाही ते तूच ठरव. मी बरी आहे. जेवते, झोपते. खोलीवरची सोबतीण घोरते, पण मनाने चांगली आहे.

तुझं पत्र मिळालं. "केस परत येईपर्यंत भिंगरीला येऊ देऊ नकोस, असं आई म्हणते," हे वाक्य तू समासात तिरकं लिहिलंस. तिरकं लिहिलं की कमी लागतं, असं वाटलं का तुला? असो. केस नेणाऱ्या त्या औषधाने होणाऱ्या तिच्या उलट्या कमी झाल्या, भात जातो, हे वाचून बरं वाटलं. मी काही येत नाही. तिने नाही म्हटलं ना, मग नाही.

आता नव्या नोकरीची गंमत ऐक. घड्याळाचं दुकान सुटलं. म्हणजे मालकांनी आणि मी मिळून ठरवलं, मालकांनी जरा जास्त ठरवलं. पण तिथे चिमटा धरायला शिकले, तेवढ्या भांडवलावर इथे लागले. ही एक प्रयोगशाळा आहे, एका मोठ्या इमारतीच्या तळघरात. केस, कातडी, सांध्यातली मऊ गादी, असलं सगळं किती घसरतं आणि किती चिकटतं ते इथे मोजतात. एक सुई असते, तिचं टोक डोळ्यांना दिसतच नाही इतकं बारीक. ती एका लवचिक पट्टीला लावलेली. सुई केसावरून ओढली की पट्टी जराशी पिळवटते, पट्टीवर पाडलेला उजेडाचा ठिपका सरकतो, आणि त्यावरून किती अडलं ते कळतं.

हे सगळं ज्या टेबलावर चालतं ते हवेवर तरंगतं, तरी जिन्यात कोणी धावलं की आकडे बिघडतात. त्यामुळे माझं काम काय, तर केस काचेवर चिकटवायचा आणि मग स्वस्थ बसायचं. मी, ताई! स्वस्थ! मॅडम, म्हणजे आमच्या मुख्य संशोधक, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शिंक आली तर बाहेर जा."

"आणि हसू आलं तर?"

"इथे हसण्यासारखं काही होत नाही."

झालं, तेवढ्याने मला हसू आलं. बाहेर जावं लागलं. बाहेर झरोक्यात एका कबुतराने काड्या आणून आणून इतकं ओंगळ घरटं केलंय की बघतच राहिले, अर्धा तास गेला. कुठे होते मी?

हां, केस. जवळून पाहिला की त्याला माशासारखे खवले दिसतात, सगळे मुळाकडून टोकाकडे पडलेले. सुई त्या बाजूने नेली की सरसर जाते. उलट आणली की खवल्याखवल्याला अडते. उलटं विंचरलं की आपण किंचाळायचो ते उगाच नव्हे.

तर मागच्या आठवड्यात मॅडमना लांब केस हवा होता. वयस्कर बाईचा, कधीच रंग न लावलेला. जमवलेले सगळे एक तर आखूड, नाही तर रंगवलेले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे आहे."

रागावू नकोस. घरून निघताना माझा कंगवा सापडेना, म्हणून आईचा लाकडी उचलला होता. त्यात तिचे केस अडकलेले होते, एक तर मुळाशी पांढरा आणि पुढे काळा, रंगाने नव्हे, नुकताच पिकायला लागलेला; रंग तिने कधी लावलाच नाही. ते मी कधी काढले नाहीत. आळस म्हण हवं तर. माझे मी बोटांनीच विंचरते.

तो अर्धा पांढरा दिला. केस दोन बोटांत चोळला की मुळाच्या बाजूला सरकत जातो, त्यावरून मूळ कुठलं ते ओळखायचं. ओळखलं, चिकटवला.

सुई खाली आणतात तेव्हा शेवटी शेवटी ती ढकलावी लागत नाही, आपणहून केसाकडे झेपावते. मग वर ओढायची. लगेच सुटत नाही. पट्टी वाकते, आणखी वाकते आणि मग एकदम सुटते. पडद्यावर रेघेला खड्डा पडतो. जितका खोल खड्डा, तितकं जास्त चिकटलेलं. आईच्या केसाचा खड्डा इतका खोल गेला की मी ताडकन उभी राहिले आणि सगळं हललं.

"मॅडम, बघा किती धरून ठेवतोय!"

"हवा दमट आहे आज. पाण्याचा थर आहे तो. खाली बस."

पाणीच असणार. त्या कशाला खोटं सांगतील? पण मला जे वाटायचं ते वाटून गेलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "कोणाचा गं?"

"आईचा."

"तिला विचारलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"अगं, माणसाच्या अंगावरचं काही आपण न विचारता घेत नाही. फोन कर. हो म्हणाली तर आकडे ठेवू, नाही तर टाकून देऊ."

केस आता काचेवरून निघणार नाही, ओढला तर तुटेल. आणि फोन मी घेतला हातात, तसाच ठेवला. "मजेत आहे मी, जेवलीस का, ताईला देते," एवढंच तर बोलते ती हल्ली. आरसासुद्धा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवलाय म्हणतेस. तिच्यापुढे केसाचं नाव कुठल्या तोंडाने काढू?

तिला मी वेण्यांवरून किती छळलं! एक झाली की पळायचे. "अगं भिंगरे, अर्धं डोकं घेऊन कुठे चाललीस!" ती दारापर्यंत यायची, तोंडात रिबीन धरलेली, म्हणून शब्द नीट कळायचेसुद्धा नाहीत. आता मी दिवसभर न हलता बसते, आणि ते बघायला ती नाही.

ताई, वर लिहिलंय ना मी येत नाही म्हणून? ते खोडणार होते, पण पान घाण होईल. मला यायचंय. केस यायला किती महिने लागतील कोण सांगणार, आणि तोवर... पुढचं लिहीत नाही. तुला कळलं.

तिला विचार. त्या एका केसाचं नको, ते आकडे टाकून द्या म्हणून मी मॅडमना सांगून टाकलंय. माझ्या येण्याचं विचार. म्हणावं, डोक्याला काही बांधू नकोस, कसली तयारी करू नकोस. तू आतल्या खोलीत राहा, मधलं दार लावून घे. मी बाहेर दाराला टेकून बसेन. आतून बोललीस तर बोलेन, गप्प राहिलीस तर गप्प राहीन, नुसती कूस बदललीस तरी मला ऐकू येईल. दार कधी उघडायचं ते तू ठरव. नाहीच उघडलंस तर तसंच.

हो म्हणाली तर त्याच घटकेला फोन कर. नाही म्हणाली तर चार दिवस थांबून पुन्हा एकदा विचार, आणि मगच मला कळव.

दाराच्या अलीकडची जागाही चालेल अशी,
तुझी आणि तिची
भिंगरी