माळवदावरचा बांबू

मुक्काम दिंद्रुड,
पौष महिना, फसली १३५०

प्रिय नीले,

हे पत्र देताना आमचे हे तुझ्या हातात एक पुरचुंडीही देतील. ती आधी सोडायची नाही. तुझी सवय मला ठाऊक आहे, नारायणगडाच्या जत्रेतली रेवडी घरापर्यंत कधी पोचली नाही ती तुझ्यामुळेच. तेव्हा पुरचुंडी फळीवर ठेव, ह्यांना चहापाणी विचार आणि पत्र शेवटपर्यंत वाच. हे रुईच्या सौद्यासाठी मुंबईला निघालेत असं गावात सांगून आलेत, पण त्यांचा अर्धा जीव तांब्याच्या तारेत अडकलाय. रेडिओला आणखी लांब तार हवी म्हणे. या घरात माझ्यापेक्षा त्या पेटीची मर्जी जास्त सांभाळली जाते.

तुला वाटत असेल, तू तिकडे मुंबईत गातेस आणि आम्ही इकडे लोडाला टेकून ऐकतो. कसलं काय! तुझं गाणं म्हणजे आमच्या घरी एखादं लग्न काढल्यासारखं असतं. आठवडाभर आधी बॅटरी बैलगाडीत घालून परळीला पाठवायची, तिथल्या जिनिंगच्या इंजनावर ती भरून आणायची, वाटेत हिंदकळू नये म्हणून तिच्याखाली माझी चांगली वाकळ घालायची. बॅटरीतल्या आंबट पाण्यानं त्या वाकळेची चाळण झाली आहे, पण बोलायची सोय नाही. रेडिओची एक तार वर बांधलेली आणि दुसरी जमिनीत पुरलेली, ती जागा सतत ओली हवी, म्हणून ती मोरीपाशी पुरली आहे. ह्यांनी मला गंभीरपणे सांगितलं की तुझं गाणं असतं त्या शुक्रवारी भांडी संध्याकाळीच घासत जा, म्हणजे आवाज खुलतो. आता बोल! तुझ्या सुरांना माझ्या खरकट्या पाण्याचा टेकू आहे, हे तुझ्या त्या स्टेशनवरच्या साहेबाला सांग.

एवढं करूनही रेडिओ कधी सरळ बोलेल तर शपथ. हे त्याचे कान पिळत बसतात. आधी शिट्टी, मग कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, मग हैदराबादचं स्टेशन लढाईच्या बातम्या घेऊन मध्ये घुसतं. मागे एकदा तू महादेवाला बेल वाहत होतीस आणि त्याच वेळी एक भारदस्त गृहस्थ उर्दूतून जहाजं बुडवत होते. सासूबाईंनी दोघांनाही हात जोडले. आमच्या रामकिसनचं म्हणणं वेगळंच आहे. हा आमचा गडी, तुला आठवत असेल. तो म्हणतो की आवाज मुंबईहून चालत येतो, बालाघाटाचे डोंगर चढताना त्याला दम लागतो, म्हणून आपल्याकडे येईस्तोवर तो धापा टाकत असतो. मला तरी ह्यांच्या शास्त्रापेक्षा हेच जास्त पटतं.

पण सगळ्यात मोठी कटकट बांबूची. वरची तार दोन बांबूंना बांधलेली आहे. एक परसातल्या कडुलिंबाला आवळला, त्याचं काही नाही. दुसरा माळवदावर. आणि माळवद म्हणजे मातीचं छत, त्यात खड्डा करून बांबू रोवला तर पावसाळ्यात आमच्या अंथरुणावर तळं. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, मुंबई ऐकू आली नाही तरी चालेल, पण माझ्या माळवदाला हात लावायचा नाही. म्हणून तो बांबू वर नुसता दगडांच्या ढिगात उभा केलेला. वारा आला की कलंडतो, तार सैल पडते, आणि तू ओळीच्या मध्येच गडप होतेस. शेवटी ठरलं की तुझं गाणं असेल तेव्हा कुणीतरी वर उभं राहून बांबू धरायचा. ते काम रामकिसनकडे आलं, आणि तो पडला हलका माणूस. खालचं ऐकायला तो वाकायचा, की बांबू वाकायचा.

आता तुझ्या अप्पांचं लिहिते. इतका वेळ तू तेच शोधत वाचते आहेस, कळतं मला.

तू रेडिओवर पैसे घेऊन गातेस हे त्यांच्या कानावर आलं, त्याला दोन वर्षं होतील. तेव्हा त्यांनी गल्लीतल्या लोकांसमोर सांगितलं होतं, तिचं नाव माझ्यापुढं काडायचं न्हाई. तुझी पत्रं त्यांनी न फोडता परत पाठवली हे तुझ्याइतकंच मलाही लागलं आहे. ज्या माणसानं दुकानात पाटी मांडीवर घेऊन आपल्या दोघींना अक्षरं शिकवली, तोच पत्र उलटं पाठवतो. ज्यानं महादेवाच्या देवळात दर सोमवारी तुला पुढ्यात बसवून भजन म्हणायला लावलं, त्यालाच तुझं गाणं नको. मी मनात पुष्कळ भांडले त्यांच्याशी. प्रत्यक्षात मात्र दुकानात गेले की डोक्यावरचा पदर सावरून हळद मागते आणि घरी येते.

तुझी आई पहिल्या शुक्रवारपासून येते. पुढे बसते, पदर तोंडाला लावते आणि आवाज आला न आला तरी रडते. तिला न्यायला म्हणून अप्पा येत, पण अंगणाच्या बाहेर उभे राहत. श्रावणातला एक शुक्रवार होता. वारा सुटलेला, वर रामकिसनची त्रेधा, खाली रेडिओची खरखर. एकाएकी अप्पांचा आवाज आला, कावून हालवायलास बे? बांबू हाय का झोका? हो बाजूला! आणि ते तरातरा जिना चढून वर गेले. सासूबाई म्हणाल्या, आता बांबू मोडून खाली टाकतात. मी तर डोळेच मिटले. तोच पेटीतून तू अशी स्वच्छ उमटलीस, की तुझी आई रडायचीसुद्धा विसरली.

तेव्हापासून बांबू अप्पांचा. दिवेलागणीला येतात, कुणाशी बोलत नाहीत, धोतराचा काचा मारतात आणि वर जातात. वरून विचारतात, आला का? आम्ही सगळे खालून ओरडतो, आला, अप्पा, आला! काय आला, कुणाचा आला, हे कुणी म्हणत नाही. गल्लीत एवढी समजूत आहे हे मला माहीत नव्हतं. गाणं संपलं की खाली येतात, हात झटकतात, मन्मथ, दगडं लई बारके हायेत रे, असं काहीतरी ह्यांना सुनावतात आणि तुझ्या आईला घेऊन जातात.

मला मात्र चुटपुट लागली. आम्ही इथं सतरंजीवर बसून तुझं गाणं ऐकायचं, आणि ज्यांच्यामुळे ते ऐकू येतं त्यांनी वर काळोखात बांबू कवटाळून उभं राहायचं! मी ह्यांच्या मागे लागले. ह्यांनी लोहाराकडून तीन पायांची भक्कम लोखंडी घोडी करून घेतली. बांबू तिच्यात असा घट्ट बसला की माकडानं झोका घेतला तरी हलणार नाही. म्हटलं, आता अप्पा खाली बसतील. निदान दाराशी तरी. मी त्यांच्यासाठी पाटसुद्धा मांडला होता.

त्या शुक्रवारी ते आले. ह्यांनी मोठ्या फुशारकीनं सांगितलं की अप्पा, आता तुम्हाला तसदी नाही. अप्पांनी वर बघितलं, पाटाकडे बघितलं, आणि तसेच घरी निघून गेले. गाणं त्या दिवशी बरं लागलं होतं, पण कुणाला गोड लागलं नाही. तुझी आई मध्येच उठून गेली. पुढच्या खेपेला पाहतो तर घोडीचे पाय वाकडे आणि बांबू आडवा. हे म्हणाले माकडं. बांबू पुन्हा उभा केला. ऐन गाण्याच्या दिवशी माकडं पुन्हा आली. आणि अप्पा कुठूनसे नेमके दारात हजर, लोखंडाचं काय खरं न्हाई मन्मथ, मीच धरतो.

दुसऱ्या दिवशी मी मिरच्या वाळत घालायला माळवदावर गेले. तिथं उजेडासाठी छताला ठेवलेलं भोक आहे, सवणं. त्याच्यावर पावसापाण्याचं म्हणून आम्ही मातीचं झाकण ठेवतो. ते झाकण बाजूला नीट पालथं ठेवलेलं होतं. सवण्याभोवतीची माती दोन पावलं मावतील एवढी झाडून साफ केलेली. आणि बांबूखालचा दगडांचा ढीग, जो आम्ही कोपऱ्यात रचला होता, तो सरकत सरकत सवण्याच्या अगदी काठाशी आला होता. नीले, मी तिथंच मिरच्यांच्या टोपलीवर बसले आणि एकटीच हसत सुटले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि हात मिरच्यांचे! मग जे काही झालं ते विचारू नकोस. सासूबाईंना वाटलं मला विंचू चावला.

खाली येऊन मी ह्यांना सांगितलं की घोडी परत करा. ह्यांना कारण कळायला जरा वेळ लागला, पण कळल्यावर त्यांनी ती स्वतः गोठ्यात नेऊन टाकली. आणि मी रेडिओ खिडकीजवळून उचलून बरोबर सवण्याखाली ठेवला. तिथं आवाज आणखीच खराब येतो. सगळी गल्ली माझ्या नावानं बोटं मोडते. पहिल्यांदा ही कुरकुर झाली तेव्हा सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवून जाहीर केलं, माझ्या घरात पेटी कुठं ठेवायची ते मी ठरवीन, ज्याला पटंना त्यानं सवताची आणावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटत होतं त्यांना यातलं काही माहीत नाही. या बायका आपल्याला पुरून उरतात गं.

आता गेल्या शुक्रवारचं. इतकी वाईट संध्याकाळ आजवर झाली नव्हती. बॅटरी अर्धवटच भरून आलेली, हैदराबादवाले जोरात, त्यात शिट्टी. अप्पांनी वर बांबू डावीकडे केला, उजवीकडे केला, आला का म्हणून विचारून विचारून त्यांचा घसा बसला. आम्हाला तू कोणतं गाणं म्हणतेस हेसुद्धा कळलं नाही. मध्येच एखादा सूर, की गेला. हे पेटीला थापडा मारत होते. लोक आळस देत उठले. रामकिसन म्हणाला, आज आवाज घाटातच मुक्कामाला ऱ्हायला. आम्ही सगळे हसलो.

अप्पा जिना उतरून खाली आले. हसले नाहीत. अंगणात उभे राहून हात झटकत राहिले, झटकण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, खोकला झालाय तिला. दुसऱ्या कडव्याला दम पुरला न्हाई. लहानपणापून असंच हाय, थंडी पडली की छाती भरती.

तिला, म्हणाले ते. दोन वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या आईनं माझा हात असा धरला की माझी एक बांगडी पिचली. आणि नीले, आम्ही एवढे लोक पेटीला कान लावून बसलो होतो, आम्हाला खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही.

काल सकाळी ते आमच्या ओट्यावर आले, ही पुरचुंडी ठेवली आणि ह्यांना विचारलं, मुंबईला कधी निघतोस? हे मुद्दाम म्हणाले, कुणाला द्यायची अप्पा? तर म्हणाले, ज्याला खोकला हाय त्याला. आणि गेले. आता सोड ती. आत ज्येष्ठमध आहे, अडुळशाची वाळलेली पानं आहेत आणि खडीसाखर. ज्येष्ठमध त्यांनी स्वतः बोटभर लांबीचे तुकडे करून, साल तासून दिला आहे, तू लहानपणी सालीमुळे थुंकून टाकायचीस म्हणून. खरंच खोकला होता का, एवढं मला ह्यांच्याबरोबर कळव. सासूबाईंची आणि रामकिसनची पैज लागली आहे.

हे पत्र लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. अप्पांना तू आत्ताच पत्र घालू नकोस. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, सवयीनं परतही पाठवतील आणि मग रात्रभर तळमळत बसतील. त्यापेक्षा असं कर. घसा बरा झाला की पुढच्या शुक्रवारी त्यांचंच भजन म्हण, देवळात ते तुला पुढ्यात बसवून म्हणायला लावायचे ते, सुरुवातीला दोनदा टाळ वाजेपर्यंत थांबायचं असायचं बघ. तू तसंच थांब. स्टेशनवरच्या साहेबाला वाटेल चुकलीस, वाटू दे. ते वर सवण्यापाशी उभे असतील. त्या दिवशी आवाज आला म्हणून आम्ही खालून ओरडणार नाही. त्यांना आमच्या आधी कळलेलं असेल.

तुझी, आपल्या वाटची रेवडी अजून मागणारी,
उमा