चिवड्यातलं मीठ

दिव्यानीचे बाबा,

तुम्ही झोपले होते म्हणून उठवलं नाई. देवीनं ऐकलं! देवळाजवळच्या दुकानदाराचा फोन आला, महाकालीच्या यात्रेभर उपवासाचा चिवडा आपलाच घेणार. घरखर्च त्यातून चालेल. कंपनीनं काढताना दिलेला पैसा बँकेतच राहू द्या, गाडी विकू नका.

फक्त तो हसून म्हणाला, "बाई, मागच्या चिवड्यात मीठच नव्हतं!" मले कसं समजणार? माझं अळणी व्रत, चाखता येत नाई.

मी साबुदाणा आणाले बाजारात चालली. कढईतला चिवडा चाखा, मीठ घाला, मग पाकिटं भरा. "आता घरात माझं काय काम," असं पुन्हा म्हणू नका. दुकानदाराले शब्द दिला आहे, आमच्या यांनी चाखल्याबिगर एक पाकीट बाहेर जाणार नाई.

कमळा