लांबवलेला नवस

मुलुंड,
४ फेब्रुवारी १९८८

तीर्थस्वरूप दादास,
सुगंधाचा नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. इकडे सगळं ठीक. ह्यांची कारखान्यातली पाळी बदलली, आता संध्याकाळी सहालाच घरी असतात. शाळेतली पोरं मला मागून 'टोपीवाल्या बाई' म्हणायची; केस खांद्यापर्यंत आले तसं ते नावही गेलं. शेवंतीवहिनीला सांग, कोकमं मिळाली. माझ्या रक्ताच्या कॅन्सरसाठी दोन वर्षांपूर्वी तुझ्या कमरेच्या हाडातून मला द्यायला मगज काढला, ती जागा थंडीत अजून दुखते का? खरं लिही.

आईचं बोलणं तू तसंच्या तसं उतरवलंस. "देवीचो नवस असो लटकत ठेवू नको गो बाय." तिचं म्हणणं, डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाची बंदी उठवलीय, तेव्हा मी शिमग्याआधी यावं, माझ्या वजनाइतका गूळ देवीपुढे तोलायचाय. दादा, मला जमणार नाही. शाळेत सराव परीक्षा आहेत. ह्यांना रजा नाही. संक्रांतीला येणं टाळायला मी नळाचं काम निघाल्याचं कळवलं होतं ना, तो नळ ठणठणीत होता.

कारण वेगळंच आहे. वॉर्डात माझ्या शेजारच्या खोलीतली जयंती तुला आठवत असेल. तिलाही तिच्या भावानेच मगज दिला होता. नवरात्रात तिच्या घरच्यांनी नवस फेडला, मला प्रसादाचा पेढा पाठवला. दिवाळीनंतर तिचा आजार उलटला आणि डिसेंबरात ती गेली. तेव्हापासून डोक्यात एकच बसलंय: नवस बाकी आहे तोवर देवी मला मरू देणार नाही. फेडला की तिचं काम संपलं. मी मुलांना विज्ञान शिकवते, हा वेडेपणा आहे हे मला कळतं. तरी गूळ म्हटलं की मी विषय बदलते.

लोक म्हणतात, झकास दिसतेस, आता कसली चिंता. डॉक्टर रक्ताचे आकडे बघतात. भीती वाटते का, हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी नाहीच म्हणेन. तू हाडं टोचून घेतलीस, आई माझ्यासाठी वर्षभर जमिनीवर झोपली. मग मी भिऊन कसं चालेल?

आता ते लिहिते जे लिहायचं टाळतेय. दिवाळीपासून मी तपासणीला गेलेले नाही. तीन तारखा चुकवल्या. कार्ड आणि डबा घेऊन घरातून निघते, इथल्याच वाचनालयात मासिकं चाळत बसते आणि चारला परत येते. ह्यांना सांगते, रक्त चांगलंय. ते देवापुढे साखर ठेवतात.

गेल्या आठवड्यात दंडावर निळा डाग उठला. कुठे आपटल्याचं आठवत नाही. पहिल्या वेळी सुरुवात अशीच झाली होती. मुंबईत कसली आलीय थंडी, तरी मी लांब बाह्यांचं पोलकं घालते. आजार उलटला असेल तर डॉक्टर मला पुन्हा तुझ्याच दारात पाठवतील, आणि पुन्हा मागायला मला तोंड नाही. वहिनी काही बोलणार नाही, तेच नको वाटतं. मला मरायचं नाही रे दादा. फक्त डॉक्टरांच्या तोंडून ते ऐकायचं नाही.

ह्यांना समोर बसून सांगायचा चार दिवस प्रयत्न केला. दर वेळी मी उठून चहा टाकते. माझ्या प्रत्येक पत्राखाली ते दोन ओळी लिहितात, हे तुला ठाऊक आहेच. म्हणून आज हे पत्र न चिकटवता त्यांच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते. खाली जागा सोडलीय.

तुझी भित्री,
सुगंधा

गुणाजीराव, स. न. वि. वि.
पत्र वाचलं. डाग मी रविवारीच पाहिला होता. विचारायची हिंमत झाली नाही. ती आत बसलीय आणि मी इथे बाहेर. एवढं लिहून आत जातो. उद्या सकाळी तिला घेऊन इस्पितळात जाणार आहे. गुळाचं नंतर बघू. तुम्ही या.
आपला,
चंद्रप्रकाश